पाळण्यातला वरवंटा

हे लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. मी सायन्सचा विद्यार्थी आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. गावाकडे कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी उठून जात असे. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास बसला आहे असं मी म्हणणार नाही. पण हे आमच्याच खोलीत, दिवसाढवळ्या घडलं... तेव्हा जसं घडलं तसं सांगतो.

आम्ही भांडुपला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका चाळीत राहतो. एक खोली, पुढे पडवी, मागे मोरी. थोरला भाऊ, म्हणजे दादा, जवळच्या कारखान्यात फिटर आहे. वहिनीला माहेरचं कोणी नाही, म्हणून तिच्या बाळंतपणासाठी आई मालवणकडच्या आमच्या गावाहून इथे आली होती.

बाळंतपण फार अवघड गेलं. शेवटी शेवटी वहिनी शुद्धीवर नव्हती. जुळं होतं. मुलगा जगला. त्याच्यामागून आलेली मुलगी मात्र रडलीच नाही.

डॉक्टर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंच्या अंगात रक्त नाही. हे एवढ्यात त्यांच्या कानावर घालू नका." दादाने आणि मी तिला पुरलं. वहिनीला सांगितलं नाही. आईलाही नाही, कारण आईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

बाळ घरी आलं आणि नवीनच संकट सुरू झालं. अंगावर घेतलं की ते गाढ झोपायचं. पाळण्यात पाठ टेकली की किंचाळून उठायचं. नुसतं रडणं नव्हे — हात बाजूला फेकून, काहीतरी चाचपल्यासारखं. आईने दृष्ट काढली, पोटावर हिंग लावला. मी आपला गोधडी शेकून गरम करून बघितली, बाळाला घट्ट गुंडाळून बघितलं. काही उपयोग नाही. वहिनी रात्रंदिवस भिंतीला टेकून त्याला मांडीवर घेऊन बसायची. तिचे ओठ पांढरे पडले. डॉक्टरांनी बजावलं, "त्यांना झोप मिळालीच पाहिजे. नाहीतर मला काही सांगता येणार नाही."

"वहिनी, तू पड गं जरा. मी घेतो त्याला," मी म्हणायचो.

"नको भावजी. तुमची परीक्षा आहे. आणि तुमच्याकडे बघून तो जास्तच घाबरतो." एवढ्या अशक्तपणातही ती हसायची.

अशातच बारसं झालं. आपल्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची घालून बाळासारखं नटवतात, आणि 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. चाळीतल्या बायकांनी ते सगळं केलं. शेवटी वरवंटा वहिनीच्या हातात आला. तिने तो पाळण्यात ठेवला, शेजारी बाळाला ठेवलं, नाव ठेवलं आणि पेढे वाटायला वळली. वरवंटा काढून घ्यायचा सगळेच विसरले.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "अगे, झिलगो रडना कसो नाय?"

आम्ही सगळे पाळण्यावर वाकलो. बाळ झोपलं होतं. एक हात कुंचीवर होता.

त्या दिवशी वहिनी जमिनीवर आडवी झाली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. मी आनंदाने सगळ्यांना शास्त्र समजावून सांगितलं — वजनामुळे पाळणा स्थिर राहतो, हिसका बसत नाही, म्हणून बाळ दचकत नाही.

आई म्हणाली, "कॉलेजात ह्यां शिकवतत? मग गेल्या पंधरवड्यात खय होतंस मेल्या?"

वरवंटा पाळण्यातच राहिला. वहिनीच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला. पण एका रविवारी दादाने बांगडे आणले. वाटणासाठी आईने कुंची सोडून वरवंटा उचलला, आणि बाळाने आकांत मांडला.

मला वाटलं, माझं म्हणणं सिद्ध करायची हीच वेळ. शेजारच्या काकूंकडून त्यांचा वरवंटा मागून आणला. वजनाला तेवढाच, किंचित जास्तच. तीच कुंची त्याला घातली आणि बाळाजवळ ठेवला. बाळ त्याला हात लावून क्षणभर गप्प झालं... आणि पुन्हा किंचाळलं.

"वसंता," आईने मला हाक मारली. तिचा आवाज वेगळा होता. "ह्याका हात लाव बघू."

आमचा वरवंटा पाट्यावर तसाच पडला होता. तिने अजून काही वाटलं नव्हतं. मी पाट्याला हात लावला, तो गार होता. वरवंट्याला लावला. तो कोमट होता. अंगाला असते तशी ऊब. मी म्हणालो, बाळाजवळ होता म्हणून असेल. पण काकूंकडे जाऊन, त्यांच्याशी बोलून यायला मला चांगलाच वेळ लागला होता.  आईने तो धुतला, पुसला आणि परत पाळण्यात ठेवला. बाळ झोपलं.

पावसाळा सरता सरता एकदा मी दुपारी कॉलेजातून लवकर घरी आलो. आई पाण्यावर गेली होती. बाळ पाळण्यात एकटंच, शांत झोपलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती आणि वरवंटा तिच्या मांडीवर होता, कुंचीसकट. ती रडत होती, पण आवाज नव्हता.

"काय झालं वहिनी?"

"आज गार लागला," ती म्हणाली. "सकाळपासून गार आहे."

 तिने कुंचीची गाठ नीट केली आणि वर न बघता विचारलं,

"भावजी, मुलगी होती ना?"

मी खोटं बोलू शकलो नाही. नुसती होकारार्थी मान हलवली.  ती कुंचीवरून हात फिरवत राहिली.

मी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दादाला विचारलं. तो ओरडला, "वेडा आहेस का? मी कशाला सांगू?" आणि मग पडवीत जाऊन बराच वेळ पाठ करून उभा राहिला. हॉस्पिटलातलं कोणी आमच्याकडे कधी आलं नाही. समजा, तिला त्या गुंगीत काही ऐकू आलं असेल... असं धरूनही चालतो मी. पण मग त्या दगडाचं काय? बाळाचं काय? माझ्या एका प्रोफेसरांना भीत भीत विचारलं, तर ते म्हणाले, निरीक्षणात चूक असेल. असेलही. मला माझी चूक अजून सापडलेली नाही.

बाळ त्या दिवसापासून कुठेही ठेवलं तरी झोपतं. वहिनी आता बरी आहे. कुंचीतला वरवंटा तिच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली आहे.

आणि आई — जी शेजारच्या घरात भांडं पडलं तरी काय झालं म्हणून विचारायला जाते — तिने वरवंटा कुठे गेला, हे अजून एकदाही विचारलेलं नाही. वाटण करायला ती नारळ-मिरच्या घेऊन मुकाट्याने काकूंकडे जाते.