कॅम्पातला एक फर्लांग

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी ठाणे सोडले. मोटारसायकल माझी स्वतःची, जुनी घेतलेली, आरसा नसलेली. खिशात कल्याणच्या कोर्टाचे समन्स होते, दुसऱ्या दिवशीचे. पिशवीत मोजपट्टी, वही आणि दोन पेन्सिली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे मी तीन आठवड्यांपूर्वीच पाहिली होती आणि आमच्या रविवारच्या अंकात त्यांवर लिहिलेही होते. या खेपेला मला एवढेच ठरवायचे होते, की उद्या गुन्हा कबूल करायचा की खटला लढवायचा.

मागची हकिकत थोडक्यात अशी. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारी केतकर माझ्याबरोबर होता. आमची टेबले शेजारी. त्याच्या बातम्यांतल्या तारखा आणि आकडे मी दुरुस्त करतो. आदल्या दिवशी, शनिवारी, संपादकांनी सांगितले, की दिल्लीला केतकर जाणार. त्या जागेसाठी मीही अर्ज केला होता आणि माझी नोकरी त्याच्याहून पाच वर्षांनी जास्त आहे. मी त्याचे अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी तो कचेरीच्या नव्या मोटारसायकलवर आणि मी माझ्या गाडीवर, असे निघालो. कल्याण सोडल्यावर मी पुढे झालो. कॅम्पात, म्हणजे उल्हासनगरात, शिरल्यावर त्याचे इंजिन सतत मागे ऐकू येत होते.

कॅम्पात पोलीस वेग मोजत होते. त्यांची पद्धत साधी आहे. एक शिपाई हातात पांढरा रुमाल घेऊन पहिल्या खुणेपाशी उभा असतो आणि एक फर्लांग पुढे हवालदार घड्याळ घेऊन. गाडी पहिल्या खुणेवरून गेली की रुमाल खाली पडतो आणि घड्याळ सुरू होते. दुसऱ्या खुणेवर ते थांबते. माझ्या गाडीला अकरा सेकंद लागले, म्हणजे ताशी एक्केचाळीस मैल. पाटीवर तीस लिहिले होते. हवालदार माझे नाव लिहीत असताना केतकर आला, सात मिनिटांनंतर. हँडलला एक पुडा लटकत होता. पोलीस दिसल्यामुळे तो मागे थांबला असणार, असे मी धरून चाललो.

माझा बचाव असा होता: रुमाल पडला तो मागून येणाऱ्या केतकरसाठी, घड्याळ थांबले ते माझ्यासाठी. ताशी तीस मैलांना पंधरा सेकंद लागतात; म्हणजे चार सेकंदांचा घोटाळा. कोर्टात हे सांगायचे तर केतकरचे नाव घ्यावे लागणार, आणि तो कचेरीच्या गाडीवर वेगात होता हेही. मालकांनी त्याच्या नेमणुकीवर अजून सही केली नव्हती. असल्या बाबतीत ते कडक आहेत. त्याच्यानंतर यादीत माझे नाव होते.

मी हे केतकरला सांगितले. तो म्हणाला, "तू म्हणतोस तर असेन मागे. घाल माझं नाव. मला यायला लागलं तर येतो."

या उत्तराचा मला फार राग आला.

कॅम्प नंबर दोनला मी आठच्या सुमारास पोचलो. युद्धकाळातल्या लष्करी बराकींत सिंधहून आलेली कुटुंबे राहतात. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक घरे केलेली. कुठे शिवणयंत्र, कुठे बिस्किटांची भट्टी, कुठे कुलपे जोडणारा. उल्हासनगर हे नाव सरकारी कागदावर आहे. बोलताना सगळे कॅम्पच म्हणतात. मी मोजपट्टीने रस्ता मोजला. अंतर बरोबर एक फर्लांग, दोनशे वीस यार्ड, भरले. एका यार्डाचाही फरक नाही. पोलिसांच्या मोजणीत चूक नव्हती.

फर्लांगाच्या मध्यावर रस्त्याकडेला रिकाम्या खाटा होत्या. त्या रविवारी तिथे बायका पापड वाळत घालत होत्या, हे मला आठवले. साक्षीदार मिळाला तर तिथेच. बराकीच्या दारात एक वृद्ध गृहस्थ बसले होते.

"अचो साईं (या, महाराज)," ते म्हणाले. "दादी (थोरली बहीण) कल्याणला गयी, डाळ आणायला. दो बजे या. पापड पाहिजेत?"

"नाही. साक्ष पाहिजे."

"ते तर महाग असतंय," असे म्हणून ते मोठ्याने हसले.

अंबरनाथला मी देवळापाशी थांबलो. काळ्या दगडाचे प्राचीन शिवालय, शेजारून वाहणारा ओढा, कोरीव भिंतींवर ऊन. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. मागच्या खेपेला मी उतरायच्या पायऱ्या मोजल्या होत्या. केतकरने काहीच मोजले नव्हते. त्याने 'इथे देवाकडे जायला खाली उतरावे लागते' असे एक वाक्य लिहिले. संपादकांनी ते चौकटीत छापले. पायऱ्यांचा आकडा जागेअभावी गाळला.

देवळाबाहेरच्या चहावाल्याने मला ओळखले. मला म्हणजे, माझ्यावरून केतकरला.

"ते हसरे साहेब नाही आले?"

"नाही."

"त्यांना सांगा, पोरगी पास झाली."

कोणाची पोरगी, कसली परीक्षा, हे मी विचारले नाही. चहा गार होता.

बदलापुरात बेलवलीला रुमालवाला शिपाई भोईर राहतो. भातखाचरांच्या बांधावरून गाडी नेताना चाक घसरले आणि मी गुडघाभर चिखलात उतरलो. तसाच त्याच्या दारी गेलो. तो रजेवर होता, कुंपण बांधत होता. त्याच्या आईने पाय धुवायला पाणी दिले आणि न विचारता तांदळाची भाकरी व सुकट (सुकवलेली बारीक कोळंबी) पुढे ठेवली.

"त्या दिवशी रुमाल कोणासाठी टाकलास?" मी विचारले.

"जी गाडी म्होरं आली तिच्यासाठी, साहेब."

"मागे दुसरी होती?"

त्याने विळा बाजूला ठेवला. "आता खरं सांगू का? रुमाल टाकायचा तर नजर हवालदारसाहेबांकडं. मागं असंल बी, नसंल बी."

"उद्या कोर्टात विचारलं तर?"

"आठवत नाय म्हनंन. खोटं कशाला बोलू?"

आई म्हणाली, "पुड्यातले पापड वाटनारा भला मानूस कुटं हाय रे, बाबा? मागं तुज्यासंगंच नदीवर जेवत व्हता. मला बी दिले चार."

मी भाकरी संपवली. शिपायाच्या एवढ्या शंकेवर खटल्यातून सुटता येते, हे कोर्टाच्या बातम्या लिहून मला ठाऊक आहे. वहीत मी 'लढवावा' असे लिहिले आणि खाली रेघ मारली.

दोन वाजता पुन्हा कॅम्पात आलो. खाटा पापडांनी भरल्या होत्या. पन्नाशीची एक बाई उलट्या हाताने ते परतत होती. मी गाडी थांबवताच ती दोन खाटांच्या मधे येऊन उभी राहिली.

"पुन्हा आलात! ही फटफटी मी ओळखते. अदा (भाऊ), त्या दिवशी दोन खाटा तुम्ही खराब केल्या. सगळी धूळ पापडावर. असल्या गाड्यांमुळेच तर आम्ही पोलीस बोलावले होते."

मी आलो त्या कामाचे विचारले. माझ्या मागे दुसरी मोटारसायकल किती अंतरावर होती?

"मागे कोण होता? कोणीच नाही. तो दुसरा लई उशिरा आला. त्याने लांबून खाटा बघितल्या आणि गाडी बंद केली. उतरून हाताने ढकलत आणली, इथपर्यंत. धूळ उडू नये म्हणून. मी रडत होते. तो म्हणाला, दादी, हे धूळवाले मला दे. मी म्हटले फुकट घेऊन जा. तर पूर्ण भावाने घेऊन गेला. वेडा आहे थोडा."

"पण मला इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. सतत. मागून."

वृद्ध गृहस्थ दारातून म्हणाले, "साईं, दोन्ही बाजूला बराकी. एक फटफटी आली की दोन ऐकू येतात. पहिल्या वर्षी आम्हीपण फसायचो."

मी गाडी सुरू केली आणि हँडल धरून उभा राहिलो. दुसरे इंजिन डाव्या बराकीच्या भिंतीतून लगेच सुरू झाले. मी बंद केले, ते बंद झाले. दादी पदराने पापड झाकत म्हणाली, "आता कळलं ना? मग आता ढकलत न्या."

मी गाडी एकशे दहा यार्ड ढकलत नेली. चढ नव्हता, तरी घाम आला.

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या कोर्टात माझे नाव साडेअकराला पुकारले. भोईर साक्षीला उभा होता. त्याने मान हलवून ओळख दाखवली. गुन्हा कबूल आहे का, असे मॅजिस्ट्रेटनी विचारले. "कबूल," मी म्हणालो. परवान्यावर शेरा पडला. सगळे मिळून दोन मिनिटेही लागली नाहीत.

केतकर पुढच्या आठवड्यात दिल्लीला गेला. निघताना मी त्याला विचारले, की धुळीचे त्याने मला का सांगितले नाही. "तुझं तोंड तेव्हाच इतकं उतरलेलं होतं," तो म्हणाला. त्याच्याविषयीचा माझा हेवा कमी झालेला नाही. पूर्वी त्या हेव्याला आधार नव्हता, आता आहे.

एक दुरुस्ती राहिली. बदलापूरला नदीकाठी जेवताना केतकरने पुडा सोडला होता आणि पापड माझ्या दाताखाली कचकचला होता. तो तसाच खात राहिला. माझ्या त्या वेळच्या लेखात, सहाव्या परिच्छेदात, असे वाक्य आहे: 'कॅम्पातले पापड चवीला चांगले, पण ते करणाऱ्यांना स्वच्छतेची सवय नाही, त्यांत रेती असते.' रेती होती. ती माझ्या चाकांची होती.