बाबांनी लावलेला निकाल

बाबांच्या त्या जुन्या अमेरिकन गाडीचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं फिरतं. आठ सिलिंडरचं इंजिन, हौदाएवढी डिकी, आणि जबलपूरहून जवळच्या पनागरपर्यंत गेलं तरी रेडिएटर उकळायचा. दोष थर्मोस्टॅटचा होता. पाणी तापेपर्यंत अडवायचं आणि मग सोडायचं, एवढंच काम असलेली ती छोटी झडप बंदच अडकली होती.

त्या जानेवारीत आईला नागपूरला न्यायचं होतं. मामाला अर्धांगवायू झाला होता आणि तो सारखी तिची आठवण काढत होता. आईला दमा, गार वारा लागला की श्वास कोंडायचा. बसनं जाऊ म्हटलं तर बाबा म्हणाले, "घरची गाडी असताना काहून? हीटर आहे ना!"

खटपट करून मी नवा थर्मोस्टॅट मिळवला आणि बाबांच्या हाती दिला. बाबांचा जन्म जबलपुरात गेला, पण कांचघर मोहल्ल्यातल्या मिस्त्रीशीही ते हट्टानं मराठीच बोलायचे. त्याला म्हणाले, "आज या थर्मोस्टॅटचा निकाल लावा." त्या हिंदी माणसाला 'निकाल', म्हणजे काढून टाक, तेवढं कळलं. त्यानं जुना काढून फेकला आणि नवा खोक्यासकट डिकीत ठेवून दिला. "निकाल दिया, बाबूजी." बाबा खूश!

सकाळी निघालो. आता पाणी अडवायला काहीच नव्हतं, त्यामुळे ते तापेचना आणि हीटर नुसता गार वारा फेकत राहिला. बाबा मात्र मला तापमानाचा काटा दाखवत होते. "पाहून राहिली ना? वर जातच नाही!" मागे आई शालीत तोंड खुपसून धापा टाकत होती.

वाटेत लखनादौनला आईचं औषध काढायला डिकी उघडली तर समोर ते खोकं, न फोडलेलं. मी पाना घेतला. "बाबा, थोडा वेळ द्या, मी बसवते."

"रस्त्यात इंजिन उघडायचं नाही. थंड चालून राहिलं ना? मग?"

मी पाना त्यांच्या पायाशी आपटला. इंजिन तापत नाही याचं कौतुक, बायको गारठून काळीनिळी पडली त्याचं काही नाही! असा संताप मला आयुष्यात दुसऱ्यांदा आला नाही.

आई शाल सावरत खाली उतरली. समोर नागपूरची बस उभी होती. "मी बसनं चालली," ती म्हणाली.

"अगं, घरची गाडी सोडून?"

"गाडी तुमची आहे. भाऊ माझा आहे."

मीही तिच्यामागून बसमध्ये चढले. ती ड्रायव्हरशेजारी बसली. तिथे इंजिनाचं झाकण बसच्या आतच असतं आणि त्याच्या धगीमुळे एरवी कुणी त्या जागेवर बसत नाही. तिनं दोन्ही तळवे त्यावर टेकवले. सिवनी येईपर्यंत तिचा श्वास मोकळा झाला. बाबा मागून गाडी आणत होते. मी एकदाही वळून पाहिलं नाही.

नागपूरच्या स्टँडवर ते घाईघाईनं आले आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला. आईनं पिशवी माझ्याकडे दिली.

"जा," ती म्हणाली, "परतीची बस कधी आहे ते विचारून ये."