ओल्या चाकांचे ठसे

दसऱ्याला मी गाडी धुतली, हार घातला, टायरांना कुंकू लावलं. चाकाखालचं लिंबू चिरडून लेक नातवाला घेऊन सासरी निघाली, आणि फाटकाबाहेरच्या कोरड्या सिमेंटवर ओल्या चाकांचे दोन पट्टे उमटले. त्यांत नक्षीच नव्हती. टायरांच्या खाचा झिजून सपाट झाल्या होत्या. पावसात अशी गाडी ब्रेक लावला तरी घसरत जाते. कुंकू लावताना माझं बोट तिथूनच फिरलं होतं. आपल्या माणसांना जपायचं म्हणून आपण मनोभावे काय काय करतो, आणि बघायचं तेवढं राहून जातं.

"घाटात पाऊस आहे म्हणे. थांबवा ना तिला," बायको म्हणाली.

फोन नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना उचलायचा नाही, हे मीच तिला शिकवलंय. आज एकदा तिने माझं ऐकू नये.