बाहेर न काढलेलं बाळ

वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण बाळंतीण होऊन हॉस्पिटलमधून घरी आली, तिने दार लावून घेतलं आणि मग ते दार महिना होत आला तरी उघडेचना. म्हणजे मला उघडायची. मी भाजी, दूध, डायपर घेऊन जायचे, ती दार किलकिलं करायची आणि मी आत शिरले की पुन्हा कडी. पण बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला ती तयार नव्हती.

ती घानाची. क्योतोत परदेशी संशोधकांच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या एका चौकोनी, करड्या इमारतीत आम्ही राहायचो. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. माझा नवरा रसायनशास्त्रात पीएचडी करत होता, तिचा नवरा शेतजमिनीच्या मातीवर काम करत होता. पुण्यात मी एका लॅबमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या करायचे, ती कुमासीत शाळेत गणित शिकवायची. इथे मात्र आमच्या दोघींच्या पासपोर्टवर 'डिपेंडंट' असा शिक्का होता. भाषा येत नाही म्हणून काम नाही, आणि कामच नाही तर भाषा कुणाशी बोलून शिकायची? दोघींचे नवरे सकाळी सायकलवर टांग मारून जायचे ते रात्रीच उगवायचे. मधला सगळा दिवस रॉकेलचा हीटर, दोन खोल्या आणि खिडकीतून दिसणारा सायकल-स्टँड. अशा दिवसांत आम्ही एकमेकींना सापडलो. ती मला 'सिस्टर' म्हणायची. सुरुवातीला मला ते चर्चमधल्यासारखं वाटायचं, नंतर सवय झाली.

बाळ झालं तेव्हा तिची आई येणार होती. व्हिसा मिळाला नाही. मी शिरा करून नेला, डिंकाचे लाडू वळले. ती खायची, पण सारखं कॅलेंडरकडे बघायची. शेवटी मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं.

"आमच्याकडे पहिले सात दिवस बाळ आपलं नसतं. पाहुणं असतं. राहायचं की परत जायचं हे त्याचं ठरलेलं नसतं. म्हणून त्याला घरातच ठेवायचं. आठव्या दिवशी उजाडताना बाहेर काढायचं, पूर्वजांना पाणी आणि दारू अर्पण करायची, बाळाच्या जिभेवर दोन्हीचे थेंब ठेवायचे आणि बापाकडच्या माणसाने नाव घ्यायचं. मग ते इथलं होतं."

"आमचं बारसं असतं तसंच की," मी म्हणाले.

"तुमच्याकडे नवरे नाही म्हणतात का?" तिने विचारलं.

तिचा नवरा नाही म्हणाला होता. आठवा दिवस आला आणि गेला. त्याने सांगितलं, हे सगळं अंधारातलं आहे, आपण उजेडात आलेली माणसं आहोत. बाळ महिन्याचं झालं की रविवारच्या प्रार्थनेत त्याला आशीर्वाद देऊ. ही प्रार्थना तोच चालवायचा. वॉर्डाच्या समाजमंदिरासारख्या हॉलमधली एक खोली भाड्याने घेऊन गावातले आफ्रिकन विद्यार्थी तिथे जमायचे. ती त्याच्याशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मग तोवर बाळ पाहुणंच आहे. मी पाहुण्याला बाहेर नेणार नाही."

तोही हटेना, तीही हटेना. बाळाला ऊन मिळेना. प्रार्थनेला येणाऱ्या दोन बायका एकदा तिला समजवायला आल्या, तेव्हा मी तिथेच होते. त्यातली एक केनियाची होती. ती हसून म्हणाली, "अगं, माझ्या आजीबरोबर आम्ही हे सगळं पुरून टाकलं. आता तर पर्यटकांसाठी नाचतात तेवढंच." दुसरी झांबियाची. ती हसली नाही. बाळाच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ पुटपुटत राहिली आणि निघताना दारात माझ्या मैत्रिणीच्या कानाशी म्हणाली, "माझ्या मुलीचं मी गुपचूप करून घेतलं होतं. कुणाला सांगू नकोस." पण तू येऊन आमचं कर, असं हिने म्हटल्यावर तिने नकारार्थी मान हलवली. तिच्या नवऱ्याला कळलं असतं.

मला तिच्या नवऱ्याचा राग यायचा. तो आमच्याकडे यायचा तेव्हा स्वयंपाकघरातल्या शेल्फवरच्या माझ्या छोट्या गणपतीकडे न बघण्याची खबरदारी घेत बसायचा. आणि हाच माणूस जानेवारीत प्रोफेसरांबरोबर देवळात गेला होता. घंटेचा दोर हलवून, दोनदा टाळ्या वाजवून, मान झुकवून उभा असलेला त्याचा फोटो त्यांच्या फ्रिजवर लावलेला होता. मी एकदा न राहवून त्याला विचारलं, "हे चालतं तुम्हाला?"

"ते कल्चर आहे," तो म्हणाला.

"आणि तुमचं?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. पण तो रागावला नाही. म्हणाला, "सिस्टर, जपानी देव मला ओळखत नाही. मी टाळ्या वाजवून घरी येऊ शकतो. माझ्या गावचा देव मला ओळखतो. माझा सख्खा मामा त्याचा पुजारी आहे. आमच्याकडे वारसा मुलाकडे जात नाही, भाच्याकडे जातो. मामाला एकच भाचा आहे."

मग त्याने शाळेतली गोष्ट सांगितली. मिशनच्या शाळेत तो मामाच्या घरून यायचा म्हणून मास्तर त्याला वर्गासमोर उभं करून पोरांना त्याच्या अंगाचा वास घ्यायला लावायचे. कोंबडीच्या रक्ताचा वास येतो का बघा, म्हणायचे. पोरं वास घ्यायची आणि हसायची. घरी मामा म्हणायचा, हसू देत, एक दिवस हीच पोरं तुझ्यापुढे येऊन बसतील. "दोन्हीकडे मीच उभा होतो," तो म्हणाला. "एक पाऊल तिकडे टाकलं तर मला परत काढायला कुणी येणार नाही."

त्या दिवसानंतर मला त्याचा नीट राग धरता येईना. पण वर ती बाळाला घेऊन बसलेली, तिच्याकडे पाहिलं की वाटायचं, या माणसाच्या भीतीचं कुलूप तिच्या दाराला का?

घरात ओल धरली होती. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळायचं, भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. बाळाचे कपडे घरातच दोरीवर, त्यामुळे चालताना डोक्याला ओल्या बाह्या लागायच्या. ती दिवसभर गाऊनमध्ये. केस विंचरणं सोडलं होतं. वॉर्ड ऑफिसची नर्स बाळाला बघायला घरी आली, वजन करून समाधानाने हसली, पण जिन्यात मला गाठून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हजबंड, बॅड?" मी म्हणाले, नाही. मग काय, हे मला सांगता येईना. नर्स म्हणाली, आमच्याकडेही महिनाभर बाळाला बाहेर काढत नाहीत, मग देवळात नेतात, आता महिना होत आला, हॉस्पिटलमध्ये तपासणीला न्यायलाच हवं. मी हे वर जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, "बघ. यांच्या आज्यांनासुद्धा माहीत आहे."

माझा नवरा म्हणायचा, "तू त्यांच्या घरगुती भानगडीत पडू नकोस. रात्रंदिवस तिथेच असतेस." मी म्हणायचे, "मग कुठे असू?" माझ्याकडे जायला दुसरी जागा नव्हती.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात तिचा नवरा मीटिंगसाठी त्सुकुबाला गेला. ती मला म्हणाली, "सिस्टर, तू कर."

मी घाबरले. "मी? मी तुमच्यातली नाही. बापाकडची तर नाहीच."

"बापाकडचं माणूस मी इथे कुठून आणू?"

"आणि काही चुकलं तर?"

"एक गोष्ट तुला सांगायला हवी," ती म्हणाली. "जो थेंब ठेवतो त्याचा स्वभाव बाळात उतरतो असं म्हणतात."

खरी भीती मला तेव्हा वाटली. ते दोन वर्षं खिडकीशी बसून सायकली बघणं, नवऱ्याच्या पावलांचा आवाज ओळखणं, हे त्या पोरीत उतरवायचं? मी तसं म्हणाले. ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली. "तू हाक मारली की येतेस," ती म्हणाली. "तेवढं उतरलं तरी बास."

दारू मला आणायची होती. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी आणली नसेल. कोपऱ्यावर सिगारेटच्या मशीनशेजारी दारूचं मशीन होतं. नाणी टाकली की काचेच्या पेल्यात सील केलेली साके धपकन खाली पडायची. त्या धपक्याने सगळी गल्ली जागी होईल असं वाटलं. पेला मफलरमध्ये गुंडाळून मी पळत आले.

दुसऱ्या दिवशी फटफटताना मी वर गेले. तिने केस विंचरले होते, गावाकडचं पांढरं-निळं कापड नेसली होती. बाळाच्या अंगावरही पांढरं. गॅलरीचं दार उघडलं तसा गार वारा आत आला. अर्पण करायला जमीन हवी, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी माझी कोथिंबिरीची कुंडी नेली होती. तिने साके हळूहळू मातीत सोडली आणि तिच्या भाषेत कुणाकुणाला हाका मारत राहिली. मग बाळ माझ्या हातात दिलं.

वाक्य तिने माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. पाणी असेल तर पाणी म्हण, दारू असेल तर दारू म्हण. म्हणजे आयुष्यभर खरं बोल. त्वी या तिच्या भाषेत ते चार-सहा शब्दच होते. मी बोट पाण्यात बुडवलं, बाळाच्या ओठांशी नेलं आणि पहिला शब्दच आठवेना. पुन्हा म्हणाले, उलटसुलट झालं. बाळ तोंड वेडंवाकडं करून माझ्याकडे बघत होतं.

"तसं नाही," मागून आवाज आला.

तो दारात उभा होता. हातात बॅग, अंगावर कोट. मीटिंग लवकर आटोपली म्हणून रात्रीच्या बसने आला होता. मला वाटलं, आता कुंडी फेकणार, पेला फोडणार. माझ्या हातात त्याचं बाळ, जायला एकच दार, आणि त्या दारात तो.

त्याने बूट काढले. बॅग ठेवली. माझ्यासमोर येऊन, बाळाला हात न लावता, हात पाठीमागे बांधून तो ते वाक्य म्हणाला. नेहमीच्या प्रार्थनेतला त्याचा आवाज मी ऐकला होता, गडगडाटी. हा तो आवाज नव्हता. हा सावकाश, सपाट, कुणीतरी फार म्हातारं बोलतंय असा होता. तो म्हणाला तसा मी पाण्याचा थेंब ठेवला. तो पुन्हा म्हणाला तसा साकेचा. साकेचा थेंब लागला तेव्हा बाळ शहारलं. तो तिथे थांबला नाही. डोळे मिटून एकामागून एक वाक्यं म्हणत गेला, आणि त्याची बायको मध्ये मध्ये हुंकार देत राहिली, आपल्याकडे कीर्तनात देतात तसा. शेवटी त्याने बाळाचं नाव घेतलं.

मग डोळे उघडून त्याने कुंडीकडे पाहिलं, आणि इतका भेदरला की मला वाटलं आता पडेल. बाथरूममध्ये गेला. चूळ भरण्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता.

त्याच दिवशी ती बाळाला पाठीशी बांधून बाहेर पडली. आम्ही कामो नदीच्या काठाने चाललो. लख्ख ऊन होतं, ती नुसती डोळे किलकिले करून चालत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण परतीच्या वाटेवर इमारत दिसायला लागली तशी तिची चाल मंदावली. तपासणीही झाली. बाळ ठणठणीत होतं.

त्या रविवारी तिच्या नवऱ्याने प्रार्थनेत सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली. लोकांनी बाळावर हात ठेवून त्या पहाटेचं सगळं धुऊन काढण्याची प्रार्थना केली. तीही तिथे होती, बाळ मांडीवर घेऊन. मी विचारलं, "तुला राग नाही आला?" ती म्हणाली, "धुतल्याने नाव जातं का?" पण त्यानंतर तो आमच्याकडे कधी आला नाही. जिन्यात भेटला की मान खाली घालायचा. त्याचा तो दुसरा आवाज मी ऐकला होता, हे त्याला सोसवत नसावं.

पुढच्या वर्षी त्याला कॅनडात काम मिळालं. तिला घरी जायचं होतं, आईला नात दाखवायची होती. तो म्हणाला, मामा आहे तोवर घाना नाही. तिच्या पासपोर्टवर नवा शिक्का बसला, मजकूर तोच. मी बसस्टॉपवर सोडायला गेले तेव्हा मुलगी धावायला लागली होती आणि कुणी हाक मारली की वळून बघायची.

एकदाच तिचा फोन आला, आम्ही पुण्याला परतायच्या थोडं आधी. मामा वारला होता. गावाहून रोज फोन येत होते, कधी मोठी माणसं, कधी तिची स्वतःची आई. देवाची जागा रिकामी आहे, भाच्याला पाठव.

"मग ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"फोन वाजला की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो."

"आणि उचलतं कोण?"

"मी," ती म्हणाली. "सांगते, तो घरी नाही. ते म्हणतात, मग आम्ही थांबतो. आणि फोन ठेवत नाहीत, सिस्टर. नुसते थांबून राहतात."