माझ्या फोनवरचं 'हाय'

माझं लिहिलेलं वाचणारे सगळे कसे आहात? साताऱ्याच्या अक्का, गुडघा काय म्हणतोय, जिना चढता येतो का? औंधचे बापू, साखर आटोक्यात आहे ना... की यमाईच्या प्रसादाचं निमित्त अजून चालूच आहे? शिरवळच्या सुनील, रात्रपाळीनं पित्त वाढलं होतं, ते उतरलं का रे?

तुम्ही सगळे "बरं आहे" म्हणणार, मला ठाऊक आहे. त्या "बरं आहे"चंच सांगायचंय... जरा कडू आहे, सांभाळून घ्या.

माझं जन्मभर मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हात थरथरायला लागल्यावर ते बंद केलं आणि जुन्या लॅपटॉपवर चाचपडत वेबसाइटवर पहारा ठेवायला शिकलो. म्हणजे माझा प्रोग्राम थोड्या थोड्या वेळानं साइटला हाक मारतो. तिनं ओ दिली की फोनवर हिरवा दिवा, नाही दिली की लाल.

दिव्याखाली इंग्रजी शब्द यायचे, ते मला रुचेनात. मी आपल्या बोलीतले घातले... साइट चालू असली की "हाय", बंद पडली की "न्हाई". सांगलीतल्या एका संस्थेनं मुलींच्या वसतिगृहाच्या साइटसाठी हा पहारा घेतला, तेव्हा ऑफिसातले सगळे त्या शब्दांना हसले होते. कौतुकानं.

तेव्हाच मी तिथल्या साहेबांना सांगितलं होतं, की हा फक्त दारात उभा राहून हाक मारतो. आत अर्जाचं पान उघडतं का, उघडायला किती वेळ घेतं, तेही बघू द्या. ते म्हणाले, काका, लाल दिवे दिसले की आम्हाला वर उत्तरं द्यावी लागतात. आहे ते बास.

गेल्या महिन्यात अर्जाचा शेवटचा दिवस होता. दुपारी कवठे महांकाळहून मुसाभाईंचा फोन आला. गाद्या भरायचं काम करतात, माझे जुने दोस्त. त्यांच्या यास्मिनला सांगलीत कॉलेज मिळालंय... पण वसतिगृह मिळालं तरच घरचे पाठवणार, हे ठरलेलं. अर्जाचं पान नुसतं गरगर फिरतंय म्हणत होते.

मी फोन बघितला. हिरवा. "हाय." त्यांना म्हणालो, साइट चालू आहे, तुमचंच नेट मंद असेल. बापलेक भर उन्हात स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले. तिथंही तेच. मुसाभाईंनी तिथूनच पुन्हा फोन केला.

"आण्णा, तुमचा फोन हाय म्हणतोय आन् पोरीचा न्हाई म्हणतोय. कुणाचं खरं धरायचं?"

तेव्हा कुठं मी स्वतः आतलं पान उघडायला गेलो, ते उघडेचना. दार सताड उघडं, दिवा लावलेला... आणि आत चिटपाखरू नाही. ऑफिसला फोन लावत राहिलो, कुणी उचलला नाही. संध्याकाळी मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ऑफिसात गेलो. साहेबांनी चहा मागवला, गोड बोलले आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवला. वरपासून खालपर्यंत माझंच... हाय, हाय, हाय.

"काका, तुमचाच पहारा सांगतोय साइट दिवसभर चालू होती. मुदत कशाच्या आधारावर वाढवू?"

मी आधीच बजावलं होतं, याची आठवण दिली. ते तोंडी होतं, म्हणाले.

मुसाभाई भांडले नाहीत. जिना उतरताना एवढंच म्हणाले, "एवढी हाय एका जागी कवा बघितली नव्हती, आण्णा." यास्मिन पुढं गेली होती. तिनं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

आता ती बापाच्या दुकानात गाद्यांच्या खोळी शिवते. पुढच्या वर्षी बघू, असं घरी म्हणतात. त्याचा अर्थ तिलाही कळतो, मलाही.

मी पहारा आतल्या पानावर लावला. लाल "न्हाई" यायला लागलं, ते साहेबांना पाठवत गेलो... त्यांनी मला ऑफिसच्या ग्रुपमधून काढून टाकलं. बाकीच्या साइटींचा हिरवा दिवा अजून लागतो. पण फोनवर "हाय" आलं, की कुणाची तरी हाय लागल्यासारखं वाटतं.

म्हणून सांगतो, उत्तरं लवकर लिहा, वाट बघतोय. पण अक्का, बापू, सुनील... नुसतं "बरं हाय" लिहू नका. आतलं लिहा.