रीळ नसलेला कॅमेरा

माझ्या दिराची मुलगी पुण्यात असते आणि पिक्चर काढते. तिचा पिक्चर इथे कोल्हापुरात एका महोत्सवात लागणार होता, म्हणून मी आणि तिची आई, माझी जाऊ, गेलो. मी चौथी शिकलेली, मला तिथलं काय कळणार, असं म्हणून पाहिलं. पण पिक्चरमध्ये मीच होते, त्यामुळे सुटका नव्हती.

आधी दुसऱ्यांचे पिक्चर झाले. गाणं नाही, नटनटी नाही. भिंतीचे पोपडे, नळाखाली घागर, घरात बसतात तशी बसलेली माणसं. एक बाई कांदा चिरताना मुलाची आठवण काढून रडली. चारचौघांत हिला असं रडता येतं तरी कसं, मला कळेना. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी ‘किती खरं, किती खरं’ म्हणत माना हलवत होती. मला त्यांचा रागच आला.

माझे मालक स्टुडिओत लाईटवर होते. मी त्यांचा डबा घेऊन जायची. तिथे आधी दिवे पेटायचे, सगळ्यांना गप्प करायचे, पाटी वाजायची, मगच कॅमेरा फिरायचा. रीळ महाग, फुकट जाऊ देत नसत. थांबलं की ओरडून सांगायचे. शूटिंग म्हणजे एवढंच मला माहीत.

पुतणी सुट्टीला घरी आली तेव्हा तिने माझं भाकरी थापणं काढलं. दिवे नाहीत, माणसं नाहीत, फडताळावर मुठीएवढा कॅमेरा. भाकऱ्या झाल्यावर तिने चहा मागितला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं, संपलं. मग तिने काकांचा, म्हणजे माझ्या मालकांचा, विषय काढला, आणि जे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.

तेच पडद्यावर आलं. भिंतीएवढं माझं तोंड, गालाला पीठ, आणि आवाज: “तुझं काका गेलं, तवापासनं मला सुखाची झोप लागती. जिन्यात पाय वाजला की अंग चोरायचं, ते थांबलं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाऊ माझ्याकडे न बघता उठून गेली. मी तिच्याच घरात राहते, तिच्याच संसारात जेवते.

बाहेर पुतणी मिठी मारायला आली. लोकांना मला भेटायचं होतं म्हणे. मी म्हटलं, “आधी ते काढून टाक. रीळ न्हाय म्हणतीस, मग पुसाय काय लागतंय?”

“काकू, तेवढंच तर पिक्चर हाय. भाकरी कोण बघतंय?”

“कॅमेरा चालू हाय म्हणून सांगितलं न्हाईस.”

“सांगितलं असतं तर बोलली असतीस व्हय?”

नसते बोलले. ते तिला आधीच माहीत होतं, याचाच संताप आला. तिला तिथेच सोडून मी मंगळवार पेठेतल्या घरापर्यंत चालत आले.

त्या दिवसापासून मालकांच्या फोटोला हार जाऊ घालते. मी हात लावायचा नाही, असं तिने भिंतीकडे तोंड करून सांगितलं. पुतणीचा फोन येतो, पिक्चर आणखी कुठे कुठे लागला ते ती सांगायला लागते. मी फोन जावेकडे देते. जाऊ तिच्याशी हसून बोलते. दाखवणारी तिची मुलगी आहे. बोलणारी मी.