डिस्ट्रिब्युटरवरची रेघ

बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी पिंपळे गुरवला दादाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच राहिली. आई दादाकडे असते, मी आकुर्डीला. बाबांनी ती गाडी घेतली तेव्हाच ती कोणाची तरी वापरून झालेली होती. आता तर ती व्हिंटेज म्हणवून घेण्याच्या वयाला पोचली होती. बरेच महिने जागेवर उभी होती. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, आठवडाभर परक्यांच्या पार्टांमधले दोष शोधते. रविवारी बाबांच्या गाडीसाठी हात काळे करावेत, असं मनात आलं.

पहिल्याच रविवारी बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलं होतं. चिंध्या, लेंड्या आणि तळाशी वाळून चामड्यासारखं झालेलं एक पिल्लू. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट डिंक झाला होता, त्याचा वास घशात बसला. खरवडता खरवडता मी मधेच उठून गेटपाशी गेले आणि मोकळा श्वास घेऊन आले. तरी त्या घाणीचा मला राग नव्हता. उंदीर उंदरांसारखे वागले होते.

साफसफाईनंतर गाडी सुरू झाली, पण उभ्या उभ्या चालताना लंगडायची. अख्खी बॉडी थरथरायची आणि मधूनच आचका देऊन बंद पडायची. टायमिंग चुकलं होतं. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. उशिरा पडली की इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकतं. ही वेळ डिस्ट्रिब्युटरने ठरते. त्याच्या बुडाशी एक बोल्ट असतो. तो सैल करून डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवायचा आणि बोल्ट पुन्हा आवळायचा.

दादा आयटीतला. टायरमध्ये हवा भरायलासुद्धा दुसऱ्याला सांगणारा. त्या दिवशी मात्र आपणहून खाली आला आणि ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट धरून माझ्याशेजारी वाकून उभा राहिला.

"हे इकडे फिरवलं की काय होतं?"

"ठिणगी उशिरा पडते. गाडी मरगळते."

"आणि फार फिरवलं तर?"

"सुरूच होणार नाही."

त्याने मन लावून ऐकलं. मला फार बरं वाटलं. लहानपणानंतर आम्ही दोघं असे एका कामात कधी गुंतलोच नव्हतो. संध्याकाळपर्यंत इंजिन एका लयीत चालायला लागलं, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढच्या रविवारी गेले तर गाडी पुन्हा लंगडत होती. टायमिंग मागे गेलेलं. बोल्ट जुना म्हणून मी नवा घातला, वॉशर बदलला, टायमिंग लावलं. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा तेच. मग ठिणगी पाडणारे पॉइंट्स बदलले. डिस्ट्रिब्युटरच्या आतली दांडी पेलणारं बुश झिजलं असेल म्हणून भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून ते नवं बसवून आणलं. काही फरक नाही.

आई गॅलरीतून बघायची. शेवटी एकदा म्हणाली, "अगं, तू हात लावतेस आणि ती जास्तच बिघडते. दादाही तेच म्हणत होता."

दादा तिथेच मोबाइल बघत बसला होता. "जाऊ दे गं आई, हौस आहे तिची," तो म्हणाला.

कंपनीत आम्ही बोल्ट आवळला की त्यावर रंगाची रेघ ओढतो. काही हलल्यास रेघ तुटलेली दिसते. मी पर्समधलं नेलपॉलिश काढलं आणि एक बारीक रेघ डिस्ट्रिब्युटरवरून खाली इंजिनपर्यंत ओढली, दुसरी बोल्टच्या डोक्यावरून. कोणाला काही सांगितलं नाही. संशय नव्हताच, नुसती सवय.

पुढच्या खेपेला दोन्ही रेघा तुटलेल्या होत्या. डिस्ट्रिब्युटर बोटभर सरकला होता, पण बोल्ट घट्ट होता. आपोआप सरकला असता तर बोल्ट सैल सापडला असता. शिवाय बोल्टच्या कडा चुकीच्या मापाच्या पान्याने चेपल्या होत्या. मी तशीच काळ्या हातांनी बसून राहिले. माझ्याखेरीज हे ज्याला ठाऊक होतं असा एकच माणूस त्या घरात होता, आणि त्याला ते मीच समजावून सांगितलं होतं.

वर गेले. दादा पोहे खात होता, आई लिंबू चिरत होती.

"दादा, डिस्ट्रिब्युटर तू फिरवतोस?"

त्याने घास संपवला. "थोडासाच," तो म्हणाला.

त्या 'थोडासाच'ची मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या मेलेल्या पिल्लाचीही आली नव्हती.

"का?"

"नवी गाडी बुक केलीय. पार्किंग एकच आहे. बाबांची गाडी विकू या, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हटलं, चालतच नाही असं दिसलं की तीच म्हणेल."

"आणि मला काही येत नाही, असं तिला सांगत राहिलास."

"तेवढ्याने तुझं काय बिघडलं?"

आई सुरी हातात धरून आमच्याकडे बघत होती. "मला विचारायचं होतंस," ती दादाला म्हणाली. "मी एका शब्दात हो म्हटलं असतं. त्या गाडीत मला आयुष्यभर मळमळलंय. तुमच्या बाबांना कधी बोलले नाही, एवढंच."

मग ती माझ्याकडे वळली. "तुला बोलले, ते चुकलंच माझं." दादाला ती आणखी काही बोलली नाही, पण चिरलेलं लिंबू त्याला दिलंही नाही.

त्याच दुपारी मी टायमिंग लावलं, बोल्ट बदलला आणि गाडी आकुर्डीला आणली. आमच्या बिल्डिंगमागे एका ओळखीच्यांच्या आवारात ती उभी असते. आता टायमिंग हलत नाही. थंडीत सकाळी क्षणभर कुरकुरते, मग नीट चालते.

दादाची नवी गाडी आली. पेढे घेऊन तो आमच्याकडे आला, सगळ्यांना फिरवून आणलं. माझ्याशी तो पूर्वीपेक्षा जास्त गोड बोलतो. त्या दिवशी मला पेढा भरवून त्याने जुन्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगितलं आणि कौतुकाने आत वाकला. मी किल्ली खिशात ठेवली आणि त्याच्या हातांकडे बघत उभी राहिले. पेढा माझ्या तोंडात होता. तो गिळायला मला फार वेळ लागला.